भिंतीवरचे उंदीर

"उंदीर? अहो, चर्चच्या भिंतीवर उंदीर?"

पाळक विनीत यांचा आवाज चिरकला. हौसाने कुंचला थांबवला नाही. सकाळपासून जो येत होता तो हेच विचारत होता, आणि आता तिचं डोकं पिकलं होतं.

मिशनच्या जुन्या वसतिगृहात कातकऱ्यांच्या पोरांना फार वाईट वागवलं गेलं, ही कबुली मिशनला उशिरा का होईना द्यायची होती. म्हणून रस्त्याकडेची भिंत कातकऱ्यांना दिली. हवं ते काढा, म्हणाले. हवं ते म्हणजे काय, ते मात्र मदतीला बोलावलेली पुण्याची चित्रकार शमिका मोबाइलमध्ये घेऊनच आली होती. तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर धरलेली माणसं!

"ताई, ही चित्रं वारल्यांची. आमी कातकरी."

"हो, पण लोकांना आदिवासी म्हटलं की हेच कळतं ना!"

हौसाने त्या मोबाइलकडे पाठ फिरवली आणि उंदीर काढायला घेतले. लोकांच्या भिंतींना गेरू-चुना लावण्यात हौसाचा जन्म गेला होता. हे काम तिने घेतलं ते फक्त थोरल्या बहिणीसाठी. चिमाने लहानपणी सुट्टीहून परतताना भाजलेला उंदीर ओच्यात बांधून वसतिगृहात नेला. उंदीर खाते म्हणून तिथल्या बाईंनी सगळ्या पोरींसमोर साबणाने तिचं तोंड आतून घासून धुतलं. तेव्हापासून चिमा कुणाच्या पंगतीला बसली नाही, स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही. भातकापणी झाली की सगळी वाडी हसतखिदळत बांधावर उंदीर खणायला जाते, आणि ही दार लावून घेते. त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे हौसाला बहिणीला भर रस्त्यावर दाखवायचं होतं.

"ससे केले तर?" पाळकांनी चाचरत सुचवलं. "नुसते कान लांब करायचे. चर्चच्या समितीचंही समाधान होईल."

हौसाने कुंचला बादलीत फेकला. "मंग सशांचीच माफी मागा. मी चालली घरला."

पाळकांनी बादलीतला कुंचला काढून तिच्यापुढे धरला. "राहू देत उंदीर," ते म्हणाले. "समितीशी मी भांडतो." आणि खोटं कशाला बोला, भांडले बिचारे.

रविवारी हौसा चिमाला ओढतच घेऊन आली. भिंतीवर दोन पोरी बांधाशी वाकल्या होत्या, हात कोपरापर्यंत बिळात. बाजूला उंदरांची रांग. पाळक हात जोडून पुढे आले.

"मावशी, आमच्या माणसांनी तुमच्यावर अन्याय केला. माफ करा."

चिमाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "हौसे, ह्ये तू केलंस?"

"तुज्यासाठी, बाय."

"माज्यासाठी? तवा नुसत्या पोरी बघत व्हत्या. आता आख्खी रत्नागिरी बघंल."

हौसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साऱ्या जगाशी भांडावं, आणि घरच्याच माणसाने असं म्हणावं!

"अगो, लाज त्यांची हाय, तुजी न्हाय!"

"ठावं हाय मला. पन वाटते मलाच ना."

"पण समितीने आता मंजूर..." पाळकांनी सुरुवात केली. हौसाने त्यांना हातानेच बाजूला सारलं. तिने चुना कालवला आणि कुंचला बहिणीच्या हातात दिला.

चिमाने चुना फिरवून एकेक उंदीर सावकाश पुसला. पोरींना मात्र तिने हात लावला नाही. त्या अजून तिथे आहेत, बिळात हात घालून वाकलेल्या. या काय शोधतायत, असं येणारेजाणारे विचारतात. पाळक सांगायला म्हणून तोंड उघडतात आणि मग चिमा आठवून नुसतेच भिंतीकडे बघत उभे राहतात.