फुगवलेला शाफ्ट

पुंजारामनानांनी निफाडच्या घरामागच्या शेडमध्ये दोन वर्षं खपून गाडी बांधली, आणि ती चालवून दाखवायला अंबडच्या कारखान्यातले पाच जुने सोबती रविवारी बोलावले. गाडी सुरू झाली. पण स्टेअरिंग चार बोटं फिरून गेलं तेव्हा कुठे चाक हललं.

"पुंजाराम, बैलगाडी हाय का ही? कासरा ओढल्यावर बैल इचार करतोय," एकजण म्हणाला. सगळे हसले.

नानांची मुलगी सायली कारखान्यात तपासनीस होती. ती गाडीखाली सरकली. स्टेअरिंगचा दांडा खालच्या शाफ्टला जोडणारं कपलिंग तिनं सोडवलं आणि शाफ्टचं टोक पुसलं. त्यावर नर्लिंग होतं. मापात कमी भरलेल्या शाफ्टवर दाबून अशी खवल्यांची जाळी उठवली की तो फुगतो, कपलिंगच्या भोकात घट्ट बसल्यासारखा वाटतो. खवले चेपले की पुन्हा ढिला. असं काम करणाऱ्याला नाना आयुष्यभर चोर म्हणत आले होते.

"हे कोणी केलं?"

"भारतानं," नाना लगेच म्हणाले. "मी नाय म्हणत होतो."

भारत त्या पाचांतलाच, नानांच्याच हाताखाली लेथवर कातकाम शिकलेला, आता पन्नाशीचा. त्यानं नानांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "चुकलं माझं, ताई."

त्याचं चुकलं नव्हतं, हे सायलीला कळत होतं. नानांचा उजवा हात वर्षभर थरथरत होता, घरात ते कुणी बोलत नसे. आत्ता तिनं गुपचूप भारतकडून नवं कपलिंग करून घेतलं असतं, तर तासाभरात निभावलं असतं.

"मग भारतदादा नकोच," ती म्हणाली. "नाना, नवं कपलिंग तुम्हीच कापा. शाफ्ट अठरा पॉइंट साठ मिलिमीटर भरतोय. भोक तेवढंच हवं."

"आत्ता? मंडळींचा चहा व्हायचाय."

"मंडळी थांबतील."

मंडळी शेडमधल्या लेथभोवती येऊन उभी राहिली. पहिले दोन कट ठीक गेले. शेवटच्या कटाला हँडलवरचा हात उडाला आणि हत्यार किंचाळलं. नानांनी उजव्या हातावर डावा दाबून धरला. भारत पुढे झाला.

"राहू द्या, दादा," सायली म्हणाली.

यंत्र थांबल्यावर तिनं भोक तीनदा मोजलं. "अठरा पॉइंट पंच्याण्णव. भोक पॉइंट पस्तीसनं मोठं झालं."

कुणी हसलं नाही. एकजण उगाच चपला शोधू लागला.

"नाना, शाफ्ट कोणी फुगवला?"

"मी," नाना म्हणाले. "मीच."

मग भारतनं नवा तुकडा लेथवर धरला. अर्ध्या तासात कपलिंग झालं. तळव्यानं दाबताच बसलं. सायलीनं बोल्ट आवळले, स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवलं. चाक लगोलग वळत होतं. तिनं किल्ली नानांपुढे धरली.

नानांनी दोन्ही हात खिशात घातले. "भारताला दे. माझा हात बघून झालाय सगळ्यांचा."

तिनं भारतला दिली.