मूठ आणि मुद्दा

गादीवाल्याला मारामारीतलं सगळं कळतं, फक्त मारामारी येत नाही. हे वाक्य त्याचं स्वतःचंच. लोकांनी म्हणायच्या आत तो ते म्हणून टाकतो, म्हणजे निदान हशा तरी आपल्या नावावर जमा होतो. शाळेत असताना तो कराटेच्या वर्गाला जायचा. पांढऱ्या पट्ट्यावरून पिवळ्यावर गेला आणि नारिंगीच्या परीक्षेत समोरच्या पोराची लाथ पोटात बसल्यावर त्याला एकाएकी अभ्यासाची ओढ लागली. पिवळा पट्टा त्याने जपून ठेवला होता. मध्यंतरी बायकोने त्याच पट्ट्याने जुन्या उशांचा गठ्ठा बांधला, आणि खरं सांगायचं तर त्या पट्ट्याला इतकं कष्टाचं काम आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं.

अशा माणसाने लढाऊ कलांवर पॉडकास्ट काढावा हे ओघानेच आलं. नाव ठेवलं ‘मूठ आणि मुद्दा’. रेकॉर्डिंग दुकानामागच्या गोदामात व्हायचं, कारण चारी भिंतींना गाद्या उभ्या केलेल्या असल्यामुळे तिथे आवाज घुमत नाही. यंत्रांची बाजू फ्यूज सांभाळायचा. फ्यूज म्हणजे गादीवाल्याचा लहानपणापासूनचा मित्र, धंद्याने इलेक्ट्रिशियन, बोलायला अत्यंत काटकसरी. कानाला हेडफोन लावून तो आवाजाच्या बटणाशी बसायचा आणि मित्र फार तापला की बटण हळूच खाली करायचा.

विषयांना तोटा नव्हता. सिनेमातले गुंड रांगेत उभं राहिल्यासारखे एकेक करून का येतात, यावर दोन भाग झाले. पंधरा जणांना लोळवूनही हिरोच्या शर्टाची इस्त्री का मोडत नाही, यावर एक. तिथून गाडी समाजाकडे वळायची आणि मग ती थांबवणं कोणाच्या बापाला जमत नसे. बेकारी, मोबाइलचं वेड, पुरुषांनी रडावं की नाही, सगळ्यावर गादीवाल्याचं ठाम मत होतं. स्वयंपाकघरातल्या समानतेवर तो तावातावाने बोलत होता, तेव्हा मध्येच थांबून त्याने बायकोने पाठवलेल्या थर्मासमधला चहा घेतला होता. चहा ओतल्याचा आवाज त्या भागात स्पष्ट ऐकू येतो. ऐकणारे तसे मोजकेच, त्यात नातेवाईकच जास्त, आणि त्यातली गादीवाल्याची बहीण झोप यावी म्हणून ऐकायची.

पण त्याचा सगळ्यात हुकमी विषय म्हणजे त्याची लेक. ती ज्युदो खेळायची. पिवळ्या पट्ट्याच्या बापाला काळ्या पट्ट्याची मुलगी झाली, याचा त्याला इतका अभिमान होता की गादी बघायला आलेल्या गिऱ्हाइकालाही तो तिची पदकं दाखवल्याशिवाय सोडायचा नाही. महिन्यापूर्वी तिला दूरच्या एका शहरातून बोलावणं आलं. मुलींसाठी नवीन केंद्र निघत होतं, तिथे प्रशिक्षक म्हणून. राहायची सोय होती, काम तिच्या आवडीचं होतं. विचार करून कळवा, म्हणाले होते.

गादीवाल्याने त्याच आठवड्यात त्यावर भाग काढला. “आईबापांनो, मुलींना धरून ठेवू नका! माझी मुलगी चाललीय. मी तिला एका शब्दाने अडवणार नाही!” शेवटचं वाक्य त्याला दोनदा म्हणावं लागलं होतं. ऐकणाऱ्यांना वाटलं, काय भावना आहेत. भावना होत्याच, पण भलत्याच. ती गेली तर संध्याकाळी दुकान बंद करून वर घरी जायचं कशासाठी, हे त्याला कळेनासं झालं होतं. रात्री तो तिच्या खोलीतला दिवा बंद झालाय का ते बघायचा आणि स्वतःवरच वैतागायचा. हे कोणाला सांगायची सोय राहिली नव्हती. जाहीर भूमिका घेऊन बसला होता ना! मग तो आणखी जोरात बोलायचा. लेक जेवताना “बाबा, त्या नोकरीचं...” एवढं म्हणाली की हा सुरू. पंख, आकाश, नवी पिढी. ती मान खाली घालून ताट संपवायची आणि उठून जायची.

उत्तर द्यायच्या आदल्या दिवशी रविवार होता. दुकान बंद. भागासाठी बोलावलेल्या व्यायामशाळेच्या मालकाचा ऐनवेळी फोन आला की जमत नाही. गादीवाला हातपाय गाळून बसला, तेवढ्यात लेक गोदामात आली.

“मी बसते पाहुणी म्हणून.”

“तू? अगं, मी केव्हापासून मागे लागलोय!”

“मला बोलायचंय. वर तू बोलू देत नाहीस. इथे निदान काकांच्या हातात बटण आहे.”

फ्यूजने बटणाकडे बघितलं आणि मान डोलावली. त्याच्या कामाची अशी कदर पहिल्यांदाच होत होती.

रेकॉर्डिंग सुरू झालं. लेकीने तोंड उघडायच्या आत गादीवाल्याने प्रस्तावना केली, आणि प्रस्तावनेत बोलता बोलता तो म्हणाला की कुठलीही पकड असो, डोकं शांत ठेवलं की सुटता येतंच.

“कुठलीही?” लेकीने विचारलं.

“कुठलीही.”

“ये मग खाली.”

गोदामात गाद्यांची काय कमी! एक आडवी टाकली. पुढचं इतक्या झटपट झालं की गादीवाल्याला नीट आठवतसुद्धा नाही. तो उताणा होता, लेक त्याच्या छातीवर आडवी होती, त्याचा एक हात तिच्या काखेत होता आणि दुसरा तेवढा गादीवर मोकळा पडला होता. बंद फ्रीज अंगावर ठेवावा तसं वाटत होतं.

“नाही सुटता आलं तर टॅप कर,” लेक म्हणाली. “हाताने गादीवर दोनदा थोपट. लगेच सोडते.”

“श्रोतेहो,” गादीवाला छताकडे बघत म्हणाला, “आता इथे श्वासाला फार महत्त्व...”

“बाबा, टॅप कर.”

“...आणि आपल्या समाजात हार मानणं याला उगाचच कमीपणा...”

पुढचे शब्द घशातच राहिले. चेहरा लाल झाला. हार मानण्यात कमीपणा नाही, हे पटवून देण्याच्या नादात त्याला हार मानायला फुरसत मिळत नव्हती. शेवटी फ्यूज उठला, वाकला आणि त्याच्या वतीने गादीवर दोनदा थोपटलं. लेकीने त्याच क्षणी सोडलं.

“असं दुसऱ्याने केलेलं चालतं का?” फ्यूजने विचारलं. त्या कार्यक्रमातलं त्याचं हे पहिलंच वाक्य.

“चालत नाही काका. पण बरं केलंत.”

तिघं खुर्च्यांवर बसले. गादीवाला खांदा चोळत हसला. “बघा श्रोतेहो, बापाला लोळवणारी मुलगी! अशी मुलगी उद्या परगावी...”

लेकीने टेबलावर दोनदा थोपटलं.

“काय झालं?”

“टॅप केलं. मॅटवर समोरच्याने टॅप केलं की सोडावंच लागतं. का, कशाला, थोडं राहिलंय, असलं काही नाही. मी टॅप केलं की तू बोलायचं थांबायचं.”

“बरं. पण मी एवढंच म्हणत होतो की...”

टॅप, टॅप.

गादीवाला थांबला. तोंड मिटून बसायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे हातांचं काय करायचं ते त्याला कळेना. ते त्याने मांडीखाली घातले.

“मला त्या नोकरीची भीती वाटतेय,” लेक म्हणाली.

“भीती? तुला? अगं, तू...”

टॅप, टॅप.

“वाटतेय. तिथे मी कोणाला ओळखत नाही. मला खेळता येतं, पण शिकवता येईल की नाही, माहीत नाही. एखादीचा हात मोडला माझ्या चुकीने तर? आणि संध्याकाळी त्या खोलीवर जाऊन एकटीने काय करायचं? हे मला महिनाभर तुला सांगायचं होतं.”

“मग सांगायचं ना बाळा,” गादीवाला म्हणाला, आणि म्हणताक्षणीच त्याला आपला मूर्खपणा कळला.

“कधी? तू आधी जाहीर करून मोकळा झालास. आत्याचा फोन आला अभिनंदनाचा. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणाला, वडिलांचं नाव काढणार तू. मी नाही म्हटलं तर तुझा सगळा मुद्दाच पडतो. मी तुझी मुलगी आहे की तुझं उदाहरण, तेच मला कळेनासं झालंय.”

फ्यूजने हेडफोन काढले आणि मांडीवर ठेवले. गादीवाल्याला वाटलं, आता काहीतरी बोलायला हवं. नेमकं, पोक्त, बापाला शोभेल असं. त्याने मनात शोधलं. तिथे सगळी जुन्या भागांची वाक्यं पडली होती आणि एकही कामाचं नव्हतं.

“आणि एक,” लेकीचा आवाज बारीक झाला. “प्रत्येक भागात तू मला घालवतोयस. जा, जा, अडवणार नाही. मला वाटलं, याला काहीच वाटत नाही का मी गेल्याचं? ते एकदा सांग. कार्यक्रमातलं नको सांगूस.”

गादीवाल्याने हात मांडीखालून काढले.

“नको जाऊस,” तो म्हणाला. “मला नाही करमणार. वर जाववणार नाही मला संध्याकाळी. तुला अडवायचं नाही असं मी इतक्या लोकांना सांगून ठेवलंय, ते काय त्यांच्यासाठी होय? मलाच बांधून घालत होतो. नाहीतर तू बॅग भरायला घेतलीस की मी दारात आडवा पडलो असतो.” त्याचं नाक वाहायला लागलं होतं. पुरुषांनी रडावं, असं त्याने एका अख्ख्या भागात ठणकावून सांगितलं होतं, पण रुमाल जवळ ठेवावा हे सांगायचं राहून गेलं होतं. त्याने जवळच्या उशीच्या अभ्र्याला नाक पुसलं.

लेकीने खुर्चीत पाठ टेकली. इतका वेळ ती टोकावरच बसली होती, हे त्याच्या आता लक्षात आलं.

“हं,” ती म्हणाली. “मग मी उद्या त्यांना हो कळवते.”

“अगं, मी आत्ता काय म्हणालो?”

“ऐकलं ना. म्हणूनच. आता मी तिथे तुझा मुद्दा सिद्ध करायला जात नाहीये. माझी मी जातेय. भीती वाटतेच आहे, पण तेवढी चालेल.”

गादीवाल्याने डोकं हलवलं. हे त्याला कळलं असं म्हणता येणार नाही, पण वाद घालावासा वाटला नाही, आणि ही त्याच्या बाबतीत बातमी होती.

“हे कापायचं?” फ्यूजने यंत्राकडे बोट दाखवून विचारलं.

“हिला विचार,” गादीवाला म्हणाला.

“कापा काका. सगळंच कापा,” लेक म्हणाली. मग ती टेबलाची कड नखाने खरवडत बसली. “बाबा, आणि मला नाहीच जमलं तर? परत आले तर चालेल?”

“आजच ये,” गादीवाला म्हणाला.

“अजून गेले नाहीये मी, बाबा.”