सिस्टर शालनचे अकरा मृत्यू

“या इमारतीत मृत्यूला पाऊल टाकू देणार नाही!” मुलांच्या कॅन्सर वॉर्डाच्या उद्घाटनाला सुपरिंटेंडेंट डॉ. उमाकांत घारपुरे गरजले. टाळ्या पडल्या. कात्री बोथट निघाली, फीत काही कापेना. मृत्यूला फितीची अडचण नसावी. महिन्याभरात तो तीनदा येऊन गेला.

त्रेसष्ट सालचा मे. जयपूर नुसतं भाजत होतं. चार नंबरच्या खाटेवर आमेरची सात वर्षांची केसर तोंड मिटून पडली होती. रक्ताच्या कॅन्सरवरच्या नव्या औषधाने तिचं तोंड आतून सोलून निघालं होतं. सिस्टर शालनने बाजारातून बर्फ आणला. वाटेत वितळून एक खडा उरला. तो चोखून पोरीने तीन दिवसांनी दोन घास गिळले.

शालन तडक स्टोअरमध्ये गेली.

“सिस्टरजी, बर्फ तो सिर्फ मुर्दों के लिए है,” स्टोअरकीपर भंवरलालजी म्हणाले. “फॉर्म में मरीज का खाना ही नहीं।”

खाना म्हणजे रकाना. जेवण धरलं, तरी वाक्य खरंच होतं.

“म्हणजे बर्फासाठी पोरीने आधी मरायचं?”

“नियम तो यही है।”

शालनने फॉर्म ओढला. ‘मृताचे नाव’ इथे पेन अडलं. केसरचं नाव लिहायला हात धजेना. मग तिने ठसठशीत लिहिलं : शालन करंदीकर, वय चाळीस.

बाराव्या दिवशी घारपुरे साहेबांचं बोलावणं आलं.

“सिस्टर, अकरा दिवसांत अकरा वेळा मेलात तुम्ही! मतलब काय याचा?”

“काय करू सर? जिवंत माणसाला इथे काही मिळत नाही.”

“अहो, पण नियम...”

“नियम पाळूनच मरते. एक ड्यूटी चुकवली नाही.”

साहेबांनी घाम पुसून सरबताचा ग्लास उचलला. आत बर्फ किणकिणला. शालन ग्लासाकडे बघत राहिली.

“हा कुणाच्या नावावर निघाला, सर?”

ग्लास तसाच खाली आला.

“नव्या रकान्यासाठी समिती नेमतो,” साहेब पुटपुटले. “दिवाळीपर्यंत होईल काहीतरी.”

“केसरच्या हातात दिवाळी आहे की नाही, ते तुम्हालाच ठाऊक.” शालनने बारावा फॉर्म टेबलावर सरकवला. “तोवर मला मेलेलीच राहू द्या. सही करा. आणि आज तुकडा जरा मोठा लिहा, सर. खिचडी खाईन म्हणालीय ती.”