सैल बांधलेला फलक

मी जाहिरातीचा फलक बोलतोय. चौकात उंच टांगलेला असतो ना, लांबरुंद, प्लॅस्टिकचा, तो. बोलतोय खरा, पण अजून मी पुरता सावरलेलो नाही. माझ्या बाबतीत जे घडलं ते ऐकलंत तर तुम्हीही तोंडात बोट घालाल.

माझा जन्म छपाईच्या मशीनवर झाला. अंगावर वॉटरपार्क छापलं गेलं: पिवळी घसरगुंडी, निळंशार पाणी आणि त्यात खिदळणारं चौकोनी कुटुंब. मी अगदी हरखून गेलो. तेवढ्यात छपाईवाला सोबतच्याला म्हणाला की फोटो काढताना ही माणसं कोरड्या खोलीत उभी होती, पाणी नंतर कॉम्प्युटरवर टाकलंय. मी हादरलोच. चौघंही पोट धरून हसत होती आणि अंगाला पाण्याचा थेंब लागलेला नव्हता!

चौकात चढलो तेव्हा वाटलं, आता लोक मला बघून खूश होतील. मुलं व्हायचीही. सिग्नलला गाडी थांबली की इवली इवली बोटं वर यायची. पण नेमकं तेव्हाच आयांना पर्समध्ये काहीतरी महत्त्वाचं शोधायचं असायचं, आणि बापांना समोरच्या गाडीचा नंबर वाचावासा वाटायचा. कितीतरी मुलं माझ्याखालून रडत गेली. मी कुणाचं काय घोडं मारलं होतं, मला कळेना.

त्या मुलांत एक टिकली होती. तिचे बाबा फलक बांधायचं काम करायचे. मला वर चढवलं ते त्यांनीच. शाळेच्या वाटेवर रोज मला बघून टिकलीने पिवळी घसरगुंडी आपल्यासाठी मुक्रर करून टाकली होती, आणि बाबांनीही ‘सुट्टी लागली की नक्की जाऊ’ असा शब्द दिला होता. सुट्टी लागली, सरत आली, तरी बाबांचा ‘पुढचा रविवार’ काही उजाडेना. तिथल्या तिकिटांना त्यांचा हात पोचत नव्हता. मग टिकलीने विचारणंच सोडून दिलं. मला उतरवताना बाबा जोडीदाराला हेच सांगत होते. म्हणाले, “हट्ट करत होती ते परवडलं, आता ती माझ्याकडे बघून नुसती मान हलवते.”

उतरवलेल्या फलकाच्या नशिबी कुणाचं तरी गळकं छप्पर, नाहीतर भंगार. मी मनाची तयारी केली होती. पण बाबांनी मला घडी घालून थेट आपल्या इमारतीच्या गच्चीवर नेलं. चारी बाजूंनी विटा रचल्या, त्यांवर मला पसरलं, चित्र वर ठेवून. मी डोळे फाडून बघत राहिलो. बाबा माझ्यात पाणी भरणार होते!

त्या दिवशी घरात कुणीच आंघोळ केली नव्हती. वाट्याला आलेलं पाणी बादल्यांत राखून ठेवलं होतं. कारण टाकीचा कॉक टाकीकाकांच्या ताब्यात. गच्चीखालच्याच मजल्यावर राहणारा हा म्हातारा सकाळी ठरल्या वेळी पाणी सोडायचा आणि बंद करायचा. एरवी त्याच्याकडे पाणी मागणं म्हणजे आंधळ्याकडे आरसा मागण्यासारखं.

बाबांनी माझ्या कडांच्या भोकांत दोर ओवले आणि कठड्याला बांधून असे ताणले की माझा श्वास अडकला. हाताला सवयच ती. फलकावर सुरकुती दिसली तर सगळं काम परत करायला लावतात, म्हणून आयुष्यभर त्यांनी एकही दोर सैल सोडला नव्हता. मी विटांवर पापडासारखा ताठ. त्यावर आई आणि बाबांनी बादल्या उपड्या केल्या, आणि मी सुन्न झालो. सगळं पाणी माझ्यावरून घसरलं, विटांवरून पलीकडे गेलं आणि जिन्यातून धो धो खाली!

टिकली कोरडी ठणठणीत उभी होती. रडली नाही. तिने नुसती मान हलवली.

आई हळूच म्हणाली, “अहो, सैल सोडा की जरा. ताठ राहिल्यावर पाणी थांबेल कसं?”

बाबांनी कपाळावर हात मारला. दोर सोडले, मी मध्ये खोल बसलो. पण आता भरणार काय?

इतक्यात टाकीकाका वर आले, हातात एकच भिजलेली चप्पल घेऊन. दुसरी जिन्यातून वाहून गेली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टिकलीकडे पाहिलं, आणि ते टाकीमागे गेले. आता उद्याचंही पाणी तोडणार, असंच सगळ्यांना वाटलं. आणि नळ फुरफुरला! माझ्यात पाणी पडायला लागलं! बाबा तर तोंड उघडं टाकून उभे. काका धोतर गुडघ्यावर खोचून सरळ माझ्यात येऊन बसले.

“माझ्या वाट्याचं आहे ते,” ते म्हणाले. “मी आंघोळ इथेच करतो. पुढे तुम्ही बघा.”

मग काय विचारता! टिकली, आई, खालच्या मजल्यांवरची पोरं, सगळी माझ्यात. खरंखुरं हसणं एवढं कर्कश असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. संध्याकाळी त्याच पाण्याने जिना धुतला, कुंड्याही न्हाल्या.

त्या गदारोळात बाबा खाली मान घालून म्हणाले, “टिकले, वॉटरपार्कचं मात्र राहिलंच गं.”

टिकलीने ऐकलं की नाही कोण जाणे. ती कमरेवर हात ठेवून उभी होती.

“बाबा, घसरगुंडीवरून उठा ना. माझा नंबर आहे.”

बाबांनी खाली पाहिलं. ते माझ्या पिवळ्या घसरगुंडीवर बसले होते. ते घाईघाईने बाजूला सरकले. त्यांचा चेहरा भिजला होता, कशाने ते मी सांगणार नाही.

आता उन्हाळा संपला. मी टाकीखाली घडी होऊन पडलोय. पोरांच्या टाचांनी माझ्यावरचं ते चौकोनी कुटुंब पार घासून गेलंय. कोण हसत होतं, आता ओळखूही येत नाही. मला त्याचं दुःख नाही. फक्त एक मागणं आहे, बाबा. पुन्हा पसराल तेव्हा हाताची सवय आवरा, आणि मला सैल बांधा.