एका नावाच्या दोन फायली

मेमरी कार्डावर चारशे ऐंशी फायली होत्या. दोनशे चाळीस ‘सकाळ’ने सुरू होणाऱ्या, दोनशे चाळीस ‘संध्याकाळ’ने; पुढे दोन्हींत आकडे एक ते दोनशे चाळीस. प्रत्येकीत एक वाक्य, मावशीच्या आवाजात. घशाच्या ऑपरेशनआधी आठवडाभर बसून तिनं ती वाचली होती. आता स्वरयंत्र काढलेलं होतं, आणि या वाक्यांवरून कॉम्प्युटर तिचा आवाज तयार करणार होता. त्याला किमान तीस मिनिटं हवी होती, आणि फायलीच्या नावात फक्त आकडा.

“एकेक नाव बदलत बसलीस तर माझी साठी उलटेल,” काका भाचीला म्हणाले.

“ती उलटून चार वर्षं झाली. आणि हे एका ओळीत होतं.”

भाचीनं कमांड लिहिली: आकड्याआधीचं सगळं काढून टाक. एंटर दाबलं. पापणी लवायच्या आत काम झालं. सवयीनं तिनं फायली मोजल्या.

दोनशे चाळीस.

पुन्हा मोजल्या. तेवढ्याच.

सकाळची पहिली आणि संध्याकाळची पहिली, दोन्हींना एकच नाव मिळालं होतं. दुसरी आली तशी पहिली गेली. कॉम्प्युटरनं हूं की चूं केलं नव्हतं. उरलेला आवाज भरला सोळा मिनिटं.

“काय गं? पांढरी का पडलीस?”

“काका, अर्धा आवाज पुसला मी.”

काकांनी चष्मा काढला आणि हातातच धरून ठेवला. दारात मावशी उभी होती. तिनं मोबाईलवर टाइप करून पुढे धरलं: ‘दुसरी प्रत?’

“नावं बदलून झाली की काढणार होते.”

मावशी मिळेल त्या खुर्चीत बसली.

“कार्डाला कुणी हात लावू नका,” भाची एकदम म्हणाली. “नाव गेलंय. वर नवं काही लिहिलं गेलं नाही, तर आतला आवाज अजून असेल.”

पुसलेलं शोधणारा प्रोग्राम तासभर चालला. बिननावाच्या फायली वर येऊ लागल्या. तिनं एक लावली.

“अहो, टीव्ही बारीक करा! बहिऱ्यांची वस्ती आहे का ही?”

काका दचकून रिमोटकडे धावले. टीव्ही बंदच होता.

वाचताना फसलेली वाक्यं मावशीनं तेव्हाच पुसली होती. तीही वर आली होती.

‘हे चालेल?’ मावशीनं टाइप केलं.

“आवाज तुझाच आहे ना? त्यात काय बोललीस ते कॉम्प्युटरला मी लिहून देते.”

भाचीनं सगळ्या फायलींच्या लांबीची बेरीज केली.

सापडलेल्या फायली एकशे त्र्याण्णव. उरलेल्या धरून एकूण आवाज एकतीस मिनिटं, आठ सेकंद.