मी धर्मग्रंथ नाही

मी धर्मग्रंथ नाही, हे आधीच सांगून टाकतो. नागपूरच्या इंदोऱ्यात धोंडबा गजभिये यांचं घर आहे. त्या घरात भिंतीवरच्या फोटोंखाली एक लाकडी फळी आहे आणि त्या फळीवर मी पांढऱ्या कापडात बांधलेला असतो. दर पौर्णिमेला माझ्यासमोर मेणबत्ती लागते. पाहुणे हात जोडतात. मला तोंड असतं तर म्हणालो असतो, मंडळी, काहीतरी गैरसमज होतोय. मी व्यापारी इंग्रजीचा शब्दसंग्रह आहे, चिनी भाषकांसाठी छापलेला.

माझा जन्म चीनमधल्या एका छापखान्यात झाला. आकार खिशात मावेल एवढा. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला चिनी अर्थ, खाली नमुन्याचं एक वाक्य. चलान, पोच, हमी, मुदतवाढ, नुकसानभरपाई असले सगळे शब्द माझ्यात आहेत. उशिराबद्दल दिलगिरी व्यक्त करण्याचे तर इतके नमुने आहेत की, माणसं उशीर करण्यासाठीच धंद्यात पडतात की काय, अशी शंका यावी. प्रेम, पाऊस, आई हे शब्द माझ्यात नाहीत. माझ्या पानांत कंपनी बुडते, करार संपुष्टात येतो, माल फुटतो; माणूस मात्र कधी मरत नाही. फार तर राजीनामा देतो.

मला तांग नावाच्या इंजिनिअरनं विकत घेतलं. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एका कारखान्यानं प्लास्टिकचे डबे बनवायची यंत्रं मागवली होती. ती बसवायला तांगला पाठवलं, आणि इंग्रजी येत नव्हतं म्हणून त्यानं मला सोबत घेतलं. गेस्ट हाउसमध्ये रोज सकाळी तो डोळे मिटून माझी पानं पाठ म्हणायचा, आधी चिनी बाजू, मग इंग्रजी. हमीचं पान त्याला विशेष आवडे. यंत्रं बसवणाऱ्या माणसाचं सगळं भांडण शेवटी त्याच पानावर येतं.

हिंगण्यात माझी पहिली फजिती झाली. तांगनं माझ्यातलं वाक्य म्हटलं, ‘काम नियोजित मुदतीत पूर्ण होईल, याची कृपया खात्री द्यावी.’ सुपरवायझर बळीराम म्हणाला, “हो जाएगा साहेब, टेन्शन नका घेऊ.” तांगनं ‘हो जाएगा’ माझ्यात बराच शोधला. असा शब्द छापायची माझ्या संपादकांची हिंमत झाली नसावी. त्याला मुदत नसते, हमी नसते, आणि तरी पुष्कळदा काम होतं.

मग तांगला सांभाळायचं काम खरेदी विभागातल्या मेघाकडे आलं. मेघा म्हणजे धोंडबांची नात. तिला इंग्रजी येत होतं, चिनी येत नव्हतं. जेवणाच्या सुटीत तिनं मला मागून घेतलं आणि उलट्या बाजूनं वाचायला लागली. तांग डावीकडून उजवीकडे जाई, ती उजवीकडून डावीकडे येई. दोघांची गाठ माझ्या मधल्या रेघेवर पडे. तो तिचा उच्चार सुधारी, ती त्याला डब्यातली वांग्याची भाजी देई. माझ्या जन्मदात्यांनी हा उपयोग मनात आणला नव्हता. पुस्तकाला एवढंच सुख पुरतं. मला ते मिळालं.

मेघानं घरी सांगितलं की कारखान्यात चीनचा माणूस आला आहे. त्यावर धोंडबा खाटेवर ताठ बसले.

“चीनचा? म्हंजे आपलाच माणूस झाला वं!”

“आपला कसा, आबाजी?”

“अवं, तिथं बुद्ध धम्म हाय ना! हजारो वर्षांचा हाय. घेऊन ये त्याले घरी. पौर्णिमेले खीर खाईन आपल्यासंगं.”

आता हे धोंडबा कोण, ते सांगायला हवं. छप्पन साली दीक्षाभूमीवर ते बापाच्या खांद्यावर बसून गेले होते. गर्दी आठवत नव्हती, बापाची ओली मान आठवत होती. पुढं कापडगिरणीत लागले. तिथले काही सोबती त्यांना चिडवायचे, “धोंडबा, तुमचा नवा धरम किताबात हाय गा. जगात कुठी हाय? दाखव एखांदा माणूस!” धोंडबा पुस्तकं वाचून उत्तरं द्यायचे. श्रीलंका, जपान, चीन अशी नावं घ्यायचे. समोरचा हसून निघून जायचा. पुस्तकातलं उत्तर आणि दारात उभा माणूस यांत फरक असतो. तो एक माणूस दारात यावा, त्यानं त्याच्या भाषेत वंदना म्हणावी आणि आपण ती कानांनी ऐकावी, एवढी एक गोष्ट म्हाताऱ्यानं आयुष्यभर धरून ठेवली होती.

बुद्धपौर्णिमेच्या दिवशी तांग आला. मी त्याच्या शर्टाच्या खिशात होतो. नागपूरचा मे महिना. कूलर समोर असूनही माझी पानं वाकडी व्हायला लागली. सगळं घर पांढऱ्या कपड्यांत. मेघाची आई सिंधूताई हिनं दुधाची खीर केली होती. शेजारच्या कांताबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, “दिसते तं साधाच वं. मले वाटलं, भिक्खूसारखा असन.”

“मशीनचा इंजिनिअर हाय, कांताबाई. चीवर घालून मशीन खोलन का?” सिंधूताई म्हणाली.

धोंडबांनी पहिलाच प्रश्न विचारला, “ईचार वं त्याले, त्याच्या घरी वंदना घेतेत का?”

मेघानं मोडक्या चिनीत विचारलं. तांग घोटाळला. म्हणाला, “आजी उदबत्ती लावायची. माझे वडील मानत नव्हते. मी तर काहीच मानत नाही. मला यंत्रं कळतात.”

मेघानं म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि भाषांतर केलं, “म्हणते, त्याची आजी वंदना घेत होती.”

कचेरीत याला मसुद्यात किरकोळ दुरुस्ती म्हणतात. खोली आनंदून गेली. खरं काय बोललं गेलं, ते फक्त मला आणि मेघाला कळलं. मेघाचा भाऊ रोशन दारापाशी बसून बहिणीचा चेहरा न्याहाळत होता. त्याला चिनी येत नव्हतं, पण बहीण येत होती.

धोंडबा म्हणाले, “मंग आता एक डाव तुमच्या भाषेत म्हणून दाखवा.”

तांगचा हात खिशाकडे, माझ्याकडे आला. माझ्यात ‘नकार देण्याचे सभ्य मार्ग’ म्हणून एक पान आहे. त्यातलं वाक्य त्यानं म्हटलं, “या विषयावर पुढील बैठकीत सविस्तर विचार करू.”

“पुढच्या खेपेला म्हणतो म्हणते, आबाजी.”

“हरकत नाही गा! पक्कं मात्र!” धोंडबांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. तांगनं तीन वाट्या खीर खाल्ली. त्यातली एक शरमेची असावी.

पुढची खेप झाली नाही. यंत्रांच्या कामात महिने गेले, ती चालू झाली आणि चिनी नव्या वर्षाच्या सुटीला तांग गावी निघाला. निघताना त्यानं मला दोन्ही हातांनी मेघासमोर धरलं. त्यांच्याकडची तशी रीत आहे. मेघानंही दोन्ही हातांनी घेतलं. सुटी संपली की येतो, म्हणाला. मग जगात रोग आला, रस्ते बंद झाले, नंतर चिनी इंजिनिअरांना परवाने मिळेनात. ‘आमच्या नियंत्रणाबाहेरील परिस्थितीमुळे’ हा शब्दप्रयोग माझ्या अगदी शेवटच्या भागात आहे. तो इतका खरा निघेल, असं मला वाटलं नव्हतं.

मेघा काही दिवस फोनवरून तांगला यंत्राचे बिघाड दाखवी आणि मला मांडीवर घेऊन त्याच्या सूचना समजून घेई. नंतर फोनच भाषांतर करायला लागला. ती मिहानमधल्या एका ऑफिसात लागली. तिथं चिनीची गरज नव्हती. मी कपाटात गेलो.

धोंडबा मात्र विचारत राहिले. “मेघा, तांग काहून नाही आला वं?”

“परवानगी बंद हाय, आबाजी.”

“दोन सरकारांचं भांडण असन. माणसांचं नसते. येईन तो.”

मग त्यांच्या छातीनं संप पुकारला. गिरणीतला कापूस इतकी वर्षं आत गप्प बसला होता, तो बोलायला लागला. डॉक्टरांनी औषध लिहिलं आणि सिंधूताईला बाजूला घेऊन बाकीचं सांगितलं. धोंडबांना न सांगताच कळलं.

“एक राहून गेलं वं,” ते मेघाला म्हणाले. “त्याची वंदना.”

मेघानं मला कपाटातून काढलं. रोशननं तिला स्वयंपाकघरात गाठलं.

“ताई, तू खोटं बोलून राहिली. तो काही मानत नाही ना? मले तवाच समजलं होतं.”

“हळू बोल गा.”

“आबाजीनं आपल्याले जिंदगीभर काय शिकवलं? आधी समजून घ्या, मंग हात जोडा. आन् त्याहिलेच तू फसवते?”

“त्याहिले काही समजून घ्याचं नाही आता, रोशन. फक्त ऐकाचं हाय.”

रोशनला ते पटलं नाही. पण तो निघूनही गेला नाही; म्हाताऱ्याला टेकून बसवायला तोच पुढं झाला.

संध्याकाळी मेघानं तांगला फोन लावला. तो स्वयंपाक करत होता. मागं पातेल्यातून वाफ येत होती. मेघानं सगळं सांगितलं. 

“मला एकही प्रार्थना येत नाही,” तो म्हणाला. “आजीची मी कधी ऐकली नाही. उगीच काहीतरी म्हटलं, तर ते वाईट नाही का होणार?”

“तुम्हाला जे येतं ते म्हणा,” मेघा म्हणाली.

तांगनं गॅस बंद केला. डोक्यावरची टोपी काढली, केस सारखे केले. फोन कशाला तरी टेकवून तो ताठ उभा राहिला, हात जोडले, डोळे मिटले. आणि म्हणायला लागला.

“फाफ्याओ… च्याओह्वो… पाओश्यू…”

मी मेघाच्या मांडीवर होतो. माझ्या अंगावर काटा आला. चलान. मालाची पोच. हमी. ते माझं पान होतं! हमीच्या पानाची चिनी बाजू, पहिल्या शब्दापासून शेवटच्या वाक्यापर्यंत, जसं तो गेस्ट हाउसमध्ये रोज म्हणायचा. मुदतवाढ, सुटे भाग, झीज झाल्यास जबाबदारी कोणाची. पण आवाज वेगळा होता. एकेक शब्द तो असा ठेवत होता, जसं कोणी पाण्यावर दिवा सोडतो. छापणाऱ्यानं, विकणाऱ्यानं, पाठ करणाऱ्यानं, कोणीच माझे शब्द असे कधी उच्चारले नव्हते. ते असे उच्चारता येतात, हे मलाही ठाऊक नव्हतं.

धोंडबांनी हात जोडले होते. सिंधूताई रडत होती. कांताबाई दारात डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. पान संपलं तेव्हा धोंडबा, वंदनेनंतर म्हणतात तसं, म्हणाले, “साधू, साधू, साधू.” तांगला शब्द कळला नाही; तरी त्यानं मान लववली.

फोन बंद झाला. बाया बाहेर गेल्या. रोशन औषध आणायला गेला. मेघा म्हाताऱ्याचे पाय चेपत बसली. धोंडबा डोळे मिटूनच बोलले.

“मशीनवाला माणूस. मशीनीचंच काहीतरी म्हटलं असन त्यानं.”

मेघाचे हात थांबले. “आबाजी, मी…”

“राहू दे वं. मले अडाणी समजते का तू? वंदनेले चाल असते, त्याले नव्हती.” त्यांना धाप लागली. ती ओसरेपर्यंत मेघा थांबली. “पण एवढ्या दूर, माह्यासाठी, टोपी काढून उभा राहिला ना तो माणूस? गिरणीत मले हेच दाखवाचं होतं. धरम निस्ता किताबात नाही, जगात हाय.”

मग म्हणाले, “त्याले सांगजो, मले समजलं म्हणून.”

त्याच आठवड्यात ते गेले.

मेघा मला घेऊन बसली. तांगला कळवायचं होतं. तिनं माझं पहिलं पान उघडलं आणि बोट फिरवत निघाली. तिला एकच शब्द हवा होता. करार संपुष्टात येणं तिला सापडलं. पुरवठा कायमचा थांबणं सापडलं. सेवेतून निवृत्ती सापडली. त्या पानावर बोट थोडं रेंगाळलं आणि पुढं गेलं. मी सगळी पानं तिच्यासमोर धरली, पण जे माझ्यात छापलंच नव्हतं, ते कुठून आणणार? शेवटचं पान झालं. तिनं मला मिटलं आणि फोनला विचारलं. फोननं क्षणात शब्द दिला. त्या दिवसापासून मला कोणी उघडलेलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या गडबडीत सिंधूताईला मी म्हाताऱ्याच्या खाटेवर सापडलो. चिनी अक्षरं पाहून ती म्हणाली, “हेच पुस्तक ना वं मेघा, ज्याच्यातलं त्यानं म्हटलं?”

मेघा म्हणाली, “हो आई. ह्याच्यातलंच.”

एवढं खरं भाषांतर तिनं त्या घरात पहिल्यांदाच केलं असेल. सिंधूताईनं मला कपाळाला लावलं आणि पांढऱ्या कापडात बांधलं. रोशननं पाहिलं आणि फोटोंखालच्या फळीवर माझ्यासाठी जागा केली.

तेव्हापासून मी इथं आहे. मेणबत्तीच्या काजळीनं कापड पिवळं होतंय. आत वाळवी नाही, ओल नाही, उलटणारं बोटही नाही. मान भरपूर आहे. ज्या घरात म्हातारा सगळ्यांना ‘वाचा’ म्हणून दटावत होता, त्या घरात मी न वाचलेला बसलो आहे. तांगचा फोन अजून पौर्णिमेला येतो. मेघा त्याला खीर दाखवते. तो येईन म्हणतो, आणि दोघंही माझ्यातलं कुठलंच वाक्य वापरत नाहीत.

कधी तुम्ही त्या घरी खीर खायला गेलात, तर सिंधूताई तुम्हाला माझ्याकडं घेऊन येईल. तिला हसू नका. पण तिची परवानगी घेऊन गाठ सोडा आणि हमीचं पान काढा. ते सापडायला त्रास होणार नाही. पुस्तक तिथंच उघडतं. मेघाला म्हणा, आईला वाचून दाखव, डावीकडचं आणि उजवीकडचं, आणि आबाजींना ते समजलं होतं, हेही सांग. आधी वाचा. मग माझ्यासमोर हात जोडायचे की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. धोंडबा गजभिये यांनी दोन्ही केलं होतं, समजूनही घेतलं होतं आणि हातही जोडले होते.