परकीच्या हातची मसूर

झबिदाच्या भट्टीघरात त्या दिवशी पहिल्यांदाच दोन चटया अंथरल्या गेल्या आणि तिच्या मस्तकात तिडीक गेली.

अंत्युखियातल्या त्या भट्टीवर अख्ख्या आळीच्या भाकरी भाजल्या जात. आठवड्याच्या पहिल्या दिवशी मात्र संध्याकाळी गिऱ्हाईक बंद. तेव्हा येशूची माणसं जमायची. सुरियन, ग्रीक, यहूदी, दोन-चार गुलाम आणि एक म्हातारा न्हावी. एकच लांब चटई असायची, एकच मोठी भाकर मोडली जायची. झबिदा जातीची सुरियन, तिची मैत्रीण शलोमित यहूदी, पण दोघी एकाच वाडग्यात भाकर बुडवायच्या. शलोमित म्हणायची, मसुरीत लसूण कमी पडलाय. झबिदा म्हणायची, नावं ठेवतेस आणि वाडग्याचा तळ मात्र पुसून खातेस. हे भांडण ऐकल्याशिवाय कुणाला जेवल्यासारखं वाटायचं नाही.

मग यरुशलेमेहून मनाहेम आला. तोही येशूचाच प्रेषित, गावोगाव सुवार्ता सांगत हिंडणारा. बोलायला मऊ, माणूस वाईट नव्हता. पण त्यानं येताच सांगितलं, यहूद्यांनी यहूद्यांबरोबर जेवावं, परजातीच्यांनी आपापल्यात. परजातीच्या पुरुषांनी सुंता करून घेतली, घरातलं सोवळं पाळलं, की मग बघू.

"या वयात माझी सुंता?" म्हातारा न्हावी म्हणाला. "वस्तरा माझ्याकडे आहे, भाऊ. पण हात कुणाचा थरथरत नाही, तेवढं शोधून आणा."

सगळे हसले. झबिदा हसली नाही. शलोमित उठून दुसऱ्या चटईवर जाऊन बसली होती आणि वर बघत नव्हती. इतकी वर्षं जी बाई वाडगा ओढून घ्यायची, ती आज पाहुण्यासारखी टोकाला बसून कोरडी भाकर चावत होती.

"मनाहेमभाऊ, एक विचारू?" झबिदा म्हणाली. "आम्हाला नदीत बाप्तिस्मा दिला तो सायप्रसच्या त्रुफोननं. तो म्हणाला, आता यहूदी कोण, ग्रीक कोण, काही उरलं नाही. त्याची सुवार्ता आणि तुमची सुवार्ता एकच का?"

"एकच, बाई! येशू क्रुसावर मेला, उठला, परत येणार. यात फरक कुठे आहे?"

"चटईत आहे की!"

मनाहेमनं कपाळ चोळलं. "तुला इथे भट्टीपाशी बसून कळायचं नाही. मी परजातीच्यांच्या पंगतीला बसलो अशी बातमी यरुशलेमेत गेली, तर आमच्या बायकापोरांवर दगड पडतील. आधीच पडतायत."

तो खरं बोलत होता, आणि त्याचाच झबिदाला जास्त राग आला. माणूस खोटा असता तर बरं झालं असतं, हाकलून तरी देता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती शहरातच राहणाऱ्या त्रुफोनकडे गेली. त्रुफोननं सगळं ऐकलं आणि तो असा भडकला की झबिदाला क्षणभर बरं वाटलं.

"पाणी घातलेलं दूध विकतोय तो!" त्रुफोन ओरडला. "अगं, यरुशलेमेत यानंच माझा हात हातात घेतला होता. म्हणाला होता, तुझं-माझं सांगणं एकच."

"मग या रविवारी येऊन सांगा ना तसं. शलोमितला परत आमच्या चटईवर आणा."

"शलोमितचं काय घेऊन बसलीस? हा सगळ्या जगाचा प्रश्न आहे!"

जगाचा प्रश्न. झबिदा घरी आली आणि तिनं कणकेवर इतक्या जोरानं मुठी मारल्या की शेजारीण डोकावून गेली. जगाचं जग बघून घेईल. तिला तिची मैत्रीण हवी होती, आणि ती कुणाच्याच सुवार्तेत बसत नव्हती.

शेवटी तिनं शलोमितलाच पाण्यावर गाठलं. "अगं, तुला काय वाटतं ते तरी सांग. तू काय मनाहेमची बायको आहेस, त्यानं बस म्हटलं की बसायला?"

"मला वाटून काय होतंय?" शलोमित घागर विसळत म्हणाली. "योएजर खोकून खोकून अंथरुणाला खिळलाय. तुझ्याबरोबर जेवते म्हणून आमच्या आळीनं आधीच आम्हाला वाळीत टाकलंय. उरलीत ती ही मनाहेमची माणसं. उद्या नवऱ्याला खांदा द्यायला चार जण लागतील, झबिदा. तू देशील?"

घागर डोक्यावर घेऊन ती निघून गेली. दोघींमध्ये इतकं कोरडं बोलणं कधी झालं नव्हतं.

योएजर तांबट त्याच आठवड्यात गेला. खांदे मिळाले, मनाहेमच्या माणसांनी रीतसर पुरलं, तेवढं खरं. पण माती देऊन सगळे परतले आणि शलोमित घरात जमिनीवर बसली, तेव्हा एक गोष्ट राहिली. यहूद्यांची रीत अशी, की दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही आणि माती दिल्यावरचा पहिला घास स्वतःच्या घरचा चालत नाही. तो दुसऱ्याच्या घरून यावा लागतो. आळीतून काही येणार नव्हतंच. मनाहेमच्या माणसांत प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणीतरी नेईल. दिवस कलायला लागला तरी शलोमितच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता.

हे कळताच झबिदानं मसूर शिजवली आणि उकळतं भांडं फडक्यात धरून ती निघाली. दारात मनाहेम उभा.

"बाई, थांब," तो हळूच म्हणाला. "तुझा हेतू चांगला आहे. पण तुझ्या भांड्यातलं तिला आज तरी नको. मी माणूस पाठवलाय, कुणी ना कुणी घेऊन येईल."

"कधी? ती आडवी झाल्यावर?"

तेवढ्यात मागून त्रुफोन आला. झबिदाला वाटलं, चला, देवानं धाडला. त्रुफोन मनाहेमसमोर येऊन उभा राहिला आणि बोलायला लागला, "पाहिलंस? हेच, हेच मी म्हणत होतो! अरे, पहिला घास दुसऱ्याचाच हवा, असली बंधनं आता राहिलीच कुठे? शलोमितनं उठावं, स्वतःची चूल पेटवावी, स्वतःचं खावं. ती मोकळी आहे!"

"नवरा पुरून आलेल्या बाईला चूल पेटवायला सांगतोस?" मनाहेमचा मऊ आवाज पहिल्यांदाच चढला.

"तू तिला उपाशी ठेवतोस त्याचं काय?"

झाली सुरुवात. दोघांच्या मध्ये झबिदा, हातात भांडं, बोटं पोळतायत. एकाची सुवार्ता सांगत होती की हिच्या हातचं खाऊ नये. दुसऱ्याची सांगत होती की कुणाच्या हातचं खायची गरजच नाही. इतके दिवस ती विचारत होती, दोघांचं सांगणं एकच आहे का? आहे की! दोघांच्या सांगण्यात शलोमित उपाशीच.

"मेल्यांनो, सरका!" ती ओरडली. आयुष्यात कुठल्या प्रेषिताला ती असं बोलली नव्हती.

आतून शलोमितचा आवाज आला. रडून बसलेला. "मनाहेमभाऊ, पहिला घास कुणाचा लागतो?"

"दुसऱ्याच्या घरचा, ताई. पण..."

"आपल्या घरचा नाही. आपल्यातला नाही. परक्याचा. हो ना?" ती दाराकडे बघत होती. "आणि ही माझी कोण, म्हणालात तुम्ही? परकी. मग हिच्यापेक्षा परकी बाई अंत्युखियात मी आणू कुठून? येऊ द्या तिला."

मनाहेम म्हणाला, "ताई, त्याचा अर्थ तसा नव्हे." पण तो दारातून हलला.

झबिदा आत गेली. तिनं मसूर वाडग्यात वाढली, भाकर मोडली, पहिला घास शलोमितच्या हातात दिला. शलोमितनं तो खाल्ला. झबिदाला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. बाप्तिस्मा घेऊन नदीतून बाहेर आली त्या दिवसापासून तिला एवढंच हवं होतं, की हिनं आपल्याला परकी म्हणू नये. आज आत यायला तोच शब्द लागला होता. बाहेर त्या दोघांचं पुन्हा सुरू झालं होतं. ती फडकं उचलून उठायला लागली.

"कुठे चाललीस?" शलोमितनं तिचा पदर धरला.

"तुझं झालं ना रीतीप्रमाणे? परकी निघाली."

"पहिला घास झाला." शलोमितनं वाडगा ओढून दोघींच्या मध्ये ठेवला. "दुसऱ्या घासाला काही रीत नाही. बस खाली. आणि लसूण आजही कमीच घातलायस."